विश्लेषण : ‘सर्व पंथांची’ ज्यू शाळा कशी असते? लहान मुलांसाठी ती निवडताना पालकांपुढे कोणते प्रश्न?

अमेरिकेत अनेक ज्यू घरांत मूल चार-साडेचार वर्षांचे झाले की एक चर्चा सुरू होते. त्याला घराजवळच्या सरकारी शाळेत घालायचे की ज्यू शाळेत? ज्यू शाळेत घालायचे, तर कोणत्या पंथाच्या? आई-वडिलांपैकी एकजण शनिवारी गाडीला हात लावत नाही, दुसरा त्याच शनिवारी मुलाला फुटबॉलच्या सरावाला नेतो, अशी घरे तेथे कमी नाहीत. अशा कुटुंबांसाठी गेल्या चार-पाच दशकांत एक वेगळा पर्याय उभा राहिला आहे. तो म्हणजे बहुलतावादी ज्यू शाळा. सर्व पंथांना आपल्या म्हणणाऱ्या या शाळा नेमक्या कशा चालतात, त्यांची निवड करताना काय पाहावे आणि त्यांच्यावर आक्षेप कोणते, याचा हा आढावा.

ज्यू ‘डे स्कूल’ म्हणजे काय?

गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास हे नेहमीचे विषय आणि त्यासोबत हिब्रू भाषा, तोराह म्हणजे ज्यू धर्मग्रंथ, प्रार्थना, सण आणि ज्यू इतिहास असा दुहेरी अभ्यासक्रम शिकवणारी पूर्णवेळ खासगी शाळा म्हणजे ‘डे स्कूल’. रविवारी किंवा शाळा सुटल्यावर सिनेगॉगमध्ये भरणारे हिब्रूचे वर्ग वेगळे. तेथे मूल आठवड्यातून दोन-चार तास जाते, तर डे स्कूलमध्ये त्याचा सगळा दिवस जातो.

अमेरिकेत सरकारी शाळांत धर्मशिक्षण देता येत नाही. शाळेने पुरस्कृत केलेली प्रार्थना तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये आणि बायबलचे धार्मिक वाचन १९६३ मध्ये घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे मुलाला रोजच्या शाळेतच धर्म आणि हिब्रू शिकवायची असेल, तर खासगी शाळेला पर्याय नाही. २०१८-१९ मध्ये झालेल्या गणनेनुसार अमेरिकेत अशा ९०६ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे २ लाख ९२ हजार मुले शिकत होती. त्यातील बहुसंख्य मुले ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या समाजाच्या शाळांत होती.

मग बहुलतावादी शाळांची गरज का पडली?

शाळांचे चित्र आणि समाजाचे चित्र यांत मोठी तफावत आहे, हे त्याचे उत्तर. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या सर्वेक्षणानुसार अमेरिकेतील प्रौढ ज्यूंपैकी केवळ ९ टक्के स्वतःला ऑर्थोडॉक्स म्हणवतात. ३७ टक्के रिफॉर्म या उदारमतवादी पंथाचे, तर १७ टक्के कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या पंथाचे आहेत. ३२ टक्के लोक कोणत्याच पंथाचे नाव सांगत नाहीत. थोडक्यात, शाळा मुख्यतः एका पंथाच्या आणि समाज मात्र अनेक पंथांचा, शिवाय पंथच न मानणाऱ्यांचाही.

मोठ्या शहरांत रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांच्या स्वतंत्र शाळा निघाल्या. लहान शहरांत तेवढी मुलेच नव्हती. तेथे सर्वांनी मिळून एकच शाळा चालवणे हा व्यवहाराचा भाग होता. अशा शाळांना ‘कम्युनिटी डे स्कूल’ म्हणतात. काही ठिकाणी मात्र एकत्र शिकणे हे मूल्य म्हणून ठरवून स्वीकारले गेले. न्यूयॉर्कमधील हेशेल स्कूल १९८३ मध्ये याच विचाराने सुरू झाले. विचारवंत आणि नागरी हक्क चळवळीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चाललेले रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांचे नाव या शाळेला दिले आहे. बोस्टनजवळच्या वॉटरटाउनमधील ज्यूइश कम्युनिटी डे स्कूल आणि ब्रुकलिनमधील हॅना सेनेश ही शाळा १९९५ मधली. २०१६ मध्ये वेगवेगळ्या पंथांच्या शाळांची जाळी एकत्र येऊन ‘प्रिझमा’ ही उत्तर अमेरिकेतील शिखर संस्था तयार झाली.

एका छताखाली वेगळेपण कसे सांभाळतात?

पंथांमधला फरक पुस्तकात जेवढा दिसतो त्याहून जास्त स्वयंपाकघरात दिसतो. कोशर नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, भांडीही वेगळी लागतात. काही घरांत हे सारे नियम पाळतात, काही घरांत एकही नाही. म्हणून अनेक बहुलतावादी शाळा स्वयंपाकघर मांसविरहित ठेवतात आणि डब्यालाही तोच नियम लावतात. घरी कोण काय खातो यात शाळा पडत नाही. पण शाळेत प्रत्येक मुलाला दुसऱ्याच्या शेजारी बसून जेवता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. वाढदिवसाचे केक आणि शनिवारच्या पार्ट्या यांबाबतही अनेक शाळा पालकांना सूचना देतात. शब्बात पाळणारे मूल शनिवारी दुपारच्या पार्टीला येऊ शकत नाही, म्हणून वर्गातल्या सर्वांना बोलावणारी पार्टी रविवारी ठेवावी, अशी ती साधी अपेक्षा असते.

प्रार्थनेचा प्रश्न अधिक नाजूक. ऑर्थोडॉक्स प्रार्थनेत स्त्री-पुरुष वेगळे बसतात आणि सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत स्त्रियांची गणती होत नाही. इतर पंथांत ती होते. मोठ्या वर्गांसाठी काही शाळा एकाच वेळी दोन-तीन प्रकारच्या प्रार्थनासभा ठेवतात आणि मुले आपली निवड करतात. बालवर्गात मात्र सकाळची गाणी, ‘शेमा’सारख्या सर्वमान्य प्रार्थना आणि शुक्रवारी मेणबत्त्या, द्राक्षाचा रस व हल्ला हा वेणीसारखा गुंफलेला पाव एवढ्यावर भागते. तेथे मतभेदाला फारशी जागा नसते. टोपीचे काय? काही शाळांत फक्त मुलांना ‘किप्पा’ घालावी लागते, काहींत मुलगे-मुली दोघांना, तर काहींत ज्याची त्याची मर्जी.

थोडक्यात, बहुलतावादी शाळा म्हणजे नियम नसलेली शाळा नव्हे. सर्वांना बसता येईल अशी रेषा तिने कुठेतरी ओढलेलीच असते. ‘आम्ही सर्वांचे स्वागत करतो’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. रेषा कुठे आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत अवघड रेषा कोणती?

‘ज्यू कोण?’ ही. परंपरेनुसार आई ज्यू असेल तर मूल ज्यू. अमेरिकेतील रिफॉर्म रब्बींच्या संघटनेने १९८३ मध्ये ठराव करून वडील ज्यू असले आणि मूल ज्यू म्हणून वाढवले जात असले तरी त्याला मान्यता दिली. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांना हे मान्य नाही. प्यूच्या त्याच सर्वेक्षणानुसार २०१० नंतर विवाह केलेल्या अमेरिकी ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही. म्हणजे हा प्रश्न तात्त्विक राहिलेला नाही, बालवर्गाच्या प्रवेशअर्जापर्यंत आला आहे. बहुतेक बहुलतावादी शाळा दोन्ही प्रकारच्या मुलांना प्रवेश देतात. पण पुढे बार किंवा बात मिट्झवाच्या वयात, बारा-तेराव्या वर्षी, शाळेच्या सभेत तोराह कोणी वाचायची, दहांत कोणाला मोजायचे, हे प्रश्न येतातच. पाचव्या वर्षी प्रवेश घेताना तेराव्या वर्षीचे धोरण विचारून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

ब्रिटनमध्ये हा वाद थेट न्यायालयात गेला. लंडनमधील जेएफएस या सरकारी अनुदानित ज्यू शाळेने एका मुलाला प्रवेश नाकारला, कारण त्याच्या आईचे धर्मांतर ऑर्थोडॉक्स पद्धतीने झाले नव्हते. डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, आईच्या वंशावर आधारलेला हा निकष वंशभेदविरोधी कायद्याचा भंग करतो. त्यानंतर तेथील ज्यू शाळांना जन्माऐवजी सिनेगॉगमधील उपस्थितीसारख्या आचरणावर आधारलेले निकष आणावे लागले. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, उत्तर लंडनमध्ये सर्व पंथांसाठीची जेकॉस ही माध्यमिक शाळा उघडली.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

‘तुम्ही खरे ज्यू का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजानेही सोसला आहे. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला, तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला हा मराठी भाषक समाज. इस्रायलच्या स्थापनेनंतर यातील बहुतेक कुटुंबे तेथे गेली. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मुख्य रब्बी मंडळाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरावाद्वारे स्पष्ट केले आणि रब्बी मंडळाला निर्देशांतून या समाजाचा उल्लेख काढावा लागला. कागदावरची एक रेषा एखाद्या समाजाला किती लागू शकते, हे या घटनेतून दिसते.

शाळेच्या बाबतीतही या समाजाचा अनुभव बोलका आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा सुरू केली. हिब्रू आणि धर्मासोबत मुलांना आधुनिक शिक्षण मिळावे, हा त्यांचा हेतू. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीनंतर माझगावातील ही शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. समाज इस्रायलला गेला, पटावरची ज्यू मुले कमी झाली आणि आज तेथे शिकणारी बहुतांश मुले इतर धर्मांची आहेत. समाजाची शाळा तिच्यापुरता समाज उरला नाही तर काय रूप घेते, त्याचे हे उदाहरण. अमेरिकेतील लहान शहरांतील ज्यू शाळांनाही घटत्या पटाची हीच चिंता आहे आणि तेथे अनेकदा सर्व पंथांना एकत्र घेणे हाच शाळा टिकवण्याचा मार्ग ठरतो.

पाच वर्षांच्या मुलाला हे झेपते का?

पालकांची खरी धास्ती येथे आहे. लहान मुलांना ‘बरोबर’ आणि ‘चूक’ कळते. ‘त्यांचेही बरोबर, आपलेही बरोबर’ हे कळेल का? ‘बाईंनी सांगितले कोशर पाळायचे, मग आपण का पाळत नाही?’ असे मूल रात्रीच्या जेवणाला विचारते, तेव्हा पालकांची पंचाईत होते. उलट बाजूने, नियम पाळणाऱ्या घरातले मूल ‘अमक्याची आई शनिवारी गाडी चालवते, मग आपण का नाही?’ असे विचारते.

या शाळांतील शिक्षक यावर ज्यू परंपरेतलाच मार्ग काढतात. ही परंपरा वाद जपून ठेवणारी आहे. तालमूदमध्ये हनुक्काच्या दिव्यांवरून हिल्लेल आणि शम्माई यांच्या अनुयायांमधला वाद नोंदवलेला आहे. पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करायचा, की एकापासून सुरू करून रोज एक वाढवायचा? आज सगळीकडे दिवे वाढवत नेतात. पण हरलेल्या बाजूचे मतही कारणांसह ग्रंथात राहिले. दाराच्या चौकटीवर लावायची मेझुझा उभी की आडवी, यावरही मध्ययुगात पंडितांचे एकमत झाले नाही. युरोपीय ज्यूंनी ती तिरकी लावून तडजोड केली आणि आजही अनेक घरांत ती तिरकीच असते. दिवा आणि दाराची चौकट पाच वर्षांच्या मुलाला दिसते, हाताळता येते. त्यामुळे दोन शहाणी माणसे वेगळे वागू शकतात, हे त्याला व्याख्यानाशिवाय समजते.

शिक्षकाची भाषा येथे फार महत्त्वाची. ‘ज्यू लोक शनिवारी गाडी चालवत नाहीत’ असे म्हटले की अर्धा वर्ग आपल्या घराकडे संशयाने पाहू लागतो. ‘काही कुटुंबे चालवत नाहीत, काही चालवतात, तुमच्या घरी शब्बातला काय करता?’ असे विचारले की प्रत्येक मुलाला सांगण्यासारखे काही असते. बालवर्गात शुक्रवारी एका मुलाला ‘शब्बातचा अबा’ आणि एका मुलीला ‘शब्बातची इमा’, म्हणजे बाबा व आई, करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. एकल पालकाच्या किंवा दोन आया असलेल्या घरातल्या मुलासाठी शाळा यात काय बदल करते, यावरून तिचा मोकळेपणा चटकन कळतो.

आक्षेप कोणते?

ऑर्थोडॉक्स टीकाकारांचे म्हणणे असे की, सगळे मार्ग सारखेच असे शिकवले तर मूल कोणताच मार्ग गंभीरपणे घेत नाही. धर्म हा नियमांचा आणि सवयीचा भाग आहे आणि सवय लहानपणीच लागते. दुसऱ्या टोकाच्या पालकांचा आक्षेप नेमका उलट. सर्वांना चालावे म्हणून शाळा नेहमी कडक घराच्या सोयीने नियम करते आणि मोकळ्या घरांनाच जुळवून घ्यावे लागते, असे त्यांना वाटते. स्वयंपाकघराच्या बाबतीत हे खरेही आहे, कारण कोशर पाळणारा बिनकोशर खाऊ शकत नाही. न पाळणारा मात्र कोशर खाऊ शकतो.

तिसरा आक्षेप कडक आणि मोकळे अशा दोन्ही घरांतून येतो. पंथांची बहुलता असली तरी वंश, भाषा आणि आर्थिक स्थितीची बहुलता या शाळांत कमीच, असे अनेकांचे मत आहे. सरकारी शाळेत मूल कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, ख्रिस्ती, मुस्लीम मुलांबरोबर वाढते. येथे तसे होत नाही. शिवाय ज्यू शाळेतही युरोपीय ज्यूंच्याच चालीरीती ‘ज्यू’ म्हणून शिकवल्या जातात आणि इराणी, येमेनी, इथिओपियन किंवा भारतीय ज्यूंच्या परंपरा एखाद्या प्रदर्शनापुरत्या उरतात, अशी तक्रार आहे.

चौथा मुद्दा इस्रायलचा. बहुतेक शाळांत इस्रायलचे गीत, ध्वज आणि स्वातंत्र्यदिन हे शाळेच्या जीवनाचा भाग असतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर आणि गाझातील युद्धानंतर एकीकडे ज्यू शाळांकडे पालकांची विचारणा वाढली. दुसरीकडे याच विषयावर ज्यू कुटुंबांतले मतभेदही तीव्र झाले. प्रार्थनेतले वेगळेपण सहज स्वीकारणारी शाळा राजकीय मतभेदालाही तेवढीच जागा देते का, हा आज तेथील पालकांचा कळीचा प्रश्न आहे.

खर्चाचे काय?

हा निर्णय अनेकदा श्रद्धेपेक्षा बँकेतल्या शिलकीवर ठरतो. न्यूयॉर्क, बोस्टनसारख्या शहरांत बिगर-ऑर्थोडॉक्स ज्यू शाळांचे वार्षिक शुल्क ३० ते ४० हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. दोन मुले असतील तर मध्यमवर्गीय घराला ते पेलत नाही. सरकारी शाळा मात्र मोफत. म्हणून बहुतेक शाळा उत्पन्नानुसार सवलत देतात आणि काही शाळांनी कुटुंबाच्या उत्पन्नाशी जोडलेले शुल्कच ठेवले आहे. सवलत मागण्याचा संकोच मोठा असतो. पण बालवर्गात मिळालेली सवलत पुढच्या वर्षी कायम राहील का, दुसऱ्या मुलाला मिळेल का, हे आधी विचारलेले बरे.

सरकारी मदतीचे चित्र बदलते आहे. धार्मिक शाळेत शिकणाऱ्या मुलांना सरकारी ‘व्हाउचर’ देता येतात, असा निकाल अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. राज्य खासगी शाळांना मदत देत असेल तर धार्मिक म्हणून एखादी शाळा वगळता येणार नाही, असे २०२२ च्या निकालात म्हटले. फ्लोरिडाने २०२३ मध्ये अशी मदत उत्पन्नाची अट न ठेवता सर्व मुलांसाठी खुली केली. २०२५ च्या संघीय कायद्यानुसार शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्यांना १,७०० डॉलरपर्यंत करसवलत मिळणार असून ती २०२७ पासून, सहभागी होणाऱ्या राज्यांत लागू होईल. यामुळे सरकारी शाळांचा निधी आटेल, अशी टीका अनेक ज्यू संघटनाही करतात. ब्रिटनमध्ये अनेक ज्यू शाळा सरकारी खर्चाने चालतात, त्यामुळे तेथे प्रश्न शुल्कापेक्षा प्रवेशाच्या निकषांचा असतो.

शाळा पाहायला जाताना काय विचारावे?

माहितीपत्रकापेक्षा रोजच्या वागण्याचे प्रश्न विचारले तर चित्र लवकर स्पष्ट होते. आमच्या घरी कोशर पाळत नाही, हे मुलाने वर्गात सांगितले तर शिक्षक काय म्हणतात? सर्वांत कडक आणि सर्वांत मोकळ्या घरातली किती मुले या वर्गात आहेत? कागदावर बहुलता आणि पटावर एकच पंथ, असे तर नाही ना? शिक्षक स्वतः वेगवेगळ्या पंथांचे आहेत का? जग सहा दिवसांत निर्माण झाले हे तोराहच्या तासाला आणि डायनोसॉर विज्ञानाच्या तासाला, असे दोन्ही शिकल्यावर मूल ‘खरे काय?’ विचारते, तेव्हा त्याला कसे उत्तर देतात? आई ज्यू नसलेल्या मुलाला तेराव्या वर्षी काय सांगितले जाईल? हिब्रू बोलायला शिकवतात की फक्त प्रार्थना वाचायला? वाचन-गणितात मागे पडलेल्या किंवा विशेष गरज असलेल्या मुलासाठी दुहेरी अभ्यासक्रमात कोणती मदत आहे?

याच्या आधीचा एक प्रश्न मात्र शाळेला नव्हे, घरात विचारायचा असतो. आपण काय पाळतो, काय पाळत नाही आणि का, हे आई-वडिलांनी एकमेकांशी बोलून ठरवले आहे का? वर्गात वीस घरांच्या वीस रीती ऐकून आलेले मूल संध्याकाळी ‘आपली रीत कोणती?’ असे विचारणारच. ‘शाळा शिकवेल’ असे म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही, कारण बहुलतावादी शाळा त्याचे उत्तर मुद्दाम घरावर सोपवते. ज्या घराकडे उत्तर आहे, मग ते कडक असो वा मोकळे, त्या घरातल्या मुलाला अशी शाळा मानवते. ज्या पालकांना उत्तर शाळेनेच द्यावे असे वाटते, त्यांनी एका पंथाची शाळा निवडणे अधिक प्रामाणिक ठरेल.